राजाने कधीच न पाहिलेली कमान

प्रश्न सातारा जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षिकेचा आहे. चौथी-पाचवीची मुलं घेऊन त्या जानेवारीत मुंबईला सहलीला येणार आहेत. त्याआधी वर्गात वाचायला गेटवे ऑफ इंडियाच्या इतिहासावर बारा पानांची पुस्तिका त्यांना स्वतः करायची आहे. "दोनदा लिहून पाहिलं, दोन्ही वेळा ते सामान्यज्ञानाच्या पुस्तकासारखं झालं. सुरुवात कुठून करू? आणि इंग्रज राजासाठी बांधलेली ही वास्तू मुलांना कौतुकाने सांगायची की रागाने?"

ताई, तुमच्या मसुद्याचं पहिलं वाक्य मी न वाचताच सांगतो. "गेटवे ऑफ इंडिया ही मुंबईतील एक प्रसिद्ध व भव्य ऐतिहासिक वास्तू आहे." बरोबर? मी वीसेक वर्षं दक्षिण मुंबईत शाळांच्या मुलांना घेऊन फिरतो, त्यांच्यासाठी पुस्तिकाही लिहितो, आणि माझ्या पहिल्या तीन पुस्तिकांची सुरुवात अशीच होती. या वाक्यात खोटं काही नाही. पण ते वाचून एकाही मुलाला पुढचं वाक्य वाचावंसं वाटत नाही. प्रसिद्ध आहे हे त्याला ठाऊक आहे, म्हणून तर सहल तिकडे चालली आहे.

माझी सुरुवात आता अशी असते: "एका राजासाठी ही कमान बांधली. पण राजाने ती कधी पाहिलीच नाही."

एवढ्यावर वर्गात हात वर होतात. का नाही पाहिली? मेला का तो? आंधळा होता का? (हा प्रश्न मला खरोखर विचारला गेलाय.) मग इतिहास आपण सांगायचा राहत नाही, मुलं तो आपल्याकडून काढून घेतात.

आता हकिकत. २ डिसेंबर १९११ ला इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी ‘मेदिना’ नावाच्या जहाजातून मुंबईला आले आणि अपोलो बंदरावर उतरले. तिथून ते दिल्लीला गेले. १२ डिसेंबरला दिल्लीत मोठा दरबार भरला आणि राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवायची घोषणा त्याच दरबारात झाली. पुढे १० जानेवारी १९१२ ला राजा मुंबईहूनच परत गेला. गादीवर बसलेला इंग्लंडचा राजा भारतात येण्याची ही पहिलीच वेळ, म्हणून त्या उतरण्याची आठवण दगडात राहावी असं सरकारला वाटलं. १९१३ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज सिडनहॅम क्लार्क यांनी पायाचा दगड बसवला. जॉर्ज विटेट या वास्तुरचनाकाराचा आराखडा १९१४ मध्ये मंजूर झाला. १९१५ ते १९१९ अशी चार-पाच वर्षं समुद्र मागे सारून जमीन करण्यात आणि नवी भिंत घालण्यात गेली. कमान पुरी झाली १९२४ साली. ४ डिसेंबर १९२४ ला व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी ती खुली केली. राजा तोपर्यंत बारा वर्षांपूर्वीच परत गेलेला. पुढे तो भारतात कधीच आला नाही, १९३६ च्या जानेवारीत वारला.

म्हणजे ज्याच्या उतरण्याची ही कमान, तो उतरला तेव्हा तिथे स्वागताचा तात्पुरता मंडप होता. आपल्याकडे लग्नात असतो तसा, काम झालं की काढून टाकायचा. मुलांना हे लगेच समजतं.

इथेच माझी एक फजिती सांगतो, तुमच्या उपयोगी पडेल. माझ्या एका जुन्या पुस्तिकेत मी झोकात लिहिलं होतं की राजा-राणी "या भव्य कमानीतून" भारतात आले. चित्रही तसंच काढून घेतलं, कमानीखाली लाल गालिचा वगैरे. पाचशे प्रती छापून झाल्या. पहिल्याच शाळेत पाचवीतली एक मुलगी उभी राहिली, "सर, मागच्या पानावर तर कमान १९२४ ला झाली असं लिहिलंय." वर्ग हसला, मीही हसलो, पण पाचशे प्रतींत हाताने चिठ्ठी चिकटवताना हसू येत नव्हतं.

तेव्हापासून ती चूकच मी मुलांना कोडं म्हणून देतो. गेटवेबद्दल एक गोष्ट सगळीकडे वाचायला मिळते: राजाने खरी कमान पाहिली नाही, तिची पुठ्ठ्याची प्रतिकृती पाहिली. गोष्ट गोड आहे. मुलांसमोर तीन साल फळ्यावर लिहायचे, राजा आला १९११, पायाचा दगड १९१३, आराखडा मंजूर १९१४. आणि विचारायचं, जिचा आराखडाच अजून मंजूर नव्हता तिची प्रतिकृती १९११ मध्ये कुणी कशी बनवली असेल? दोन मिनिटं शांतता असते. मग कुणीतरी म्हणतं, "तो दुसराच मंडप असणार." काही ठिकाणी पायाभरणीची तारीख ३१ मार्च १९११ अशीही छापलेली दिसेल, तीही याच फळ्यावर तपासा: आठवण म्हणून बांधायचं आणि घटना घडायच्या आठ महिने आधी पायाभरणी करायची, हे जुळतं का? नऊ वर्षांच्या मुलाने छापील मजकुराला असा प्रश्न विचारायला शिकणं, माझ्या मते सहलीच्या भाड्याचे सगळे पैसे इथेच वसूल होतात.

पुराव्याचा दुसरा धडा कमानीवरच कोरलेला आहे. इंग्रजीतला तो मजकूर मराठीत साधारण असा: राजा पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी हे २ डिसेंबर रोजी भारतात उतरले त्याच्या स्मरणार्थ उभारली. साल मात्र आकड्यात नाही, रोमन अक्षरांत आहे: एम, सी, एम, एक्स, आय. पाचवीच्या गणितात मुलांनी रोमन संख्याचिन्हं पाहिलेली असतात, आय, व्ही, एक्स त्यांना येतात. एम म्हणजे हजार आणि सी म्हणजे शंभर एवढं आपण पुरवायचं. एम झाले १०००. सी हे एमच्या आधी आलं म्हणून हजारातून शंभर वजा, ९००. एक्स आणि आय मिळून ११. उत्तर १९११. मजकूर खूप उंचावर आहे, खालून मान दुखेपर्यंत बघावं लागतं, म्हणून तो पुस्तिकेच्या एका अख्ख्या पानावर मोठा छापा आणि मुलांना वर्गात सोडवू द्या. प्रत्यक्षात तिथे गेल्यावर "ते बघ आपलं एमसीएम" असं ओरडणारी मुलं मी पाहिली आहेत. बाजूचे पर्यटक दचकतात.

मोजमापांची मात्र नुसती यादी देऊ नका. उंची २६ मीटर, मधल्या घुमटाचा व्यास १५ मीटर, हे आकडे मुलांच्या डोक्यावरून जातात. शाळेच्या मैदानावर साडेसात मीटरची दोरी घ्या, एका टोकाला एक मुलगा खांबासारखा उभा करा, दुसऱ्या टोकाला फक्की घेऊन फिरवा. झाला घुमट जमिनीवर. आता त्या रेषेवर मुलांना हात पसरून, एकमेकांची बोटं धरून उभं करा. घेर सत्तेचाळीस मीटरच्या आसपास येतो, चौथीतल्या मुलांनी तो भरायला ३८-४० जण लागतात. तुमचा वर्ग कमी पडला तर तिसरीतली थोडी मागून घ्या. उंचीसाठी, आठ मजली इमारत सांगायची तर गावात आठ मजली काही नसतं. त्यापेक्षा शाळेच्या झेंड्याच्या खांबावर खांब, असे किती चढवावे लागतील ते मुलांना काढू द्या.

दगडाकडेही लक्ष वेधा. तुमची मुलं साताऱ्याची, किल्ला म्हटला की काळा कातळ. गेटवे पिवळसर. हा दगड मालाडजवळच्या खरोडीचा, त्याला पिवळा बेसॉल्ट म्हणतात. आत सळईचं काँक्रीटही आहे, म्हणजे हा शुद्ध जुन्या पद्धतीचा दगडी बांधकामाचा नमुना समजू नये. दगडी जाळ्या ग्वाल्हेरहून आणल्या. रूप सोळाव्या शतकातल्या गुजरातच्या वास्तूंवरून घेतलेलं आणि मोठी कमान उभारून राजाचा मान करायची कल्पना मूळ रोमन लोकांची. नकाशावर मालाड, ग्वाल्हेर, गुजरात, रोम अशा चार टिकल्या लावा, पुरे. अशा भारतीय आणि युरोपीय मिसळीच्या बांधणीला म्हणतात तो ‘इंडो-सारसेनिक’ हा शब्द पुस्तिकेत घालायचा मोह होईल. घालू नका. परीक्षेला येईल म्हणून मुलं तो पाठ करतील आणि जाळी बघायची राहून जाईल.

विटेटची थोडी ओळख मात्र असू द्या. हा स्कॉटलंडचा माणूस, गेटवेपासून दहा मिनिटांच्या चालीवरचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयही त्याचंच, परळचं केईएम रुग्णालयही. गंमत म्हणजे त्या संग्रहालयाचा पायाचा दगड ११ नोव्हेंबर १९०५ ला याच पाचव्या जॉर्जने बसवला होता, तेव्हा तो राजपुत्र होता. विटेट १९२६ मध्ये मुंबईतच वारला, शिवडीच्या दफनभूमीत त्याची कबर आहे. दगड घडवणाऱ्या, पाट्या वाहणाऱ्या माणसांची नावं मात्र कमानीवर कुठेही नाहीत. हे एक वाक्य पुस्तिकेत जरूर लिहा, स्पष्टीकरण न देता. वडील-आई बांधकामावर जाणारी मुलं तुमच्याही वर्गात असतील, ती या ओळीवर थांबतात.

आता तुमचा अवघड प्रश्न, कौतुक की राग. माझं उत्तर असं की पुस्तिकेने यातलं काहीच करू नये, जागा तीच ठेवून माणसं बदलत दाखवावीत. बारापैकी सहा पानं मी यालाच देईन. चित्रकाराला सांगायचं की प्रत्येक पानावर तोच धक्का, तोच समुद्र, त्याच कोनातून. पहिल्या पानावर कोळ्यांच्या होड्या. अपोलो बंदर हे भारदस्त नाव ‘पालवा’ या स्थानिक नावाचं बिघडलेलं रूप मानतात, ग्रीक देवाचा इथे काही संबंध नाही, हे मुलांना फार आवडतं. दुसऱ्या पानावर १९११, मंडप, सैनिक, राजा.

तिसऱ्या पानावर ९ जानेवारी १९१५. याच बंदरावर, कमानीचं काम नुकतं कुठे सुरू व्हायचं होतं तेव्हा, दक्षिण आफ्रिकेतला लढा संपवून इंग्लंडमार्गे आलेले मोहनदास गांधी कस्तुरबांसह उतरले. अंगावर काठियावाडी पोशाख आणि डोक्याला फेटा. या धक्क्यावर उतरू देणं हा त्या काळी सरकारी मान होता, बड्या पाहुण्यांना मिळणारा. मुलांनी फक्त टक्कल, पंचा आणि काठीवाले गांधीजी पाहिलेले असतात. फेट्यातले गांधीजी ओळखायला त्यांना वेळ लागतो. ९ जानेवारीला आता प्रवासी भारतीय दिवस पाळतात तो याच उतरण्यामुळे. तुमची सहल जानेवारीतच आहे, तारीख जुळवता आली तर बघा.

चौथं पान १९२४ चं, नवी कोरी कमान. इथे पैशांची गोष्ट सांगायची. एकूण खर्च २१ लाख रुपये, बहुतेक सगळा भारत सरकारचा, म्हणजे तिजोरी इथली आणि ती भरली होती इथल्या लोकांच्या करातून. आजच्या पैशांत किती होतात याच्या फंदात पडू नका, प्रत्येक जण वेगळा आकडा देतो. त्याऐवजी पैसे संपले तेव्हा काय झालं ते दाखवा. शहराकडून थेट कमानीसमोर येणारा मोठा रस्ता करायचा बेत होता, तो पैशांअभावी कधी झालाच नाही. म्हणून आजही येणाऱ्या रस्त्याशी कमान सरळ नाही, तिरकी उभी आहे. तिथे गेल्यावर मुलांना रस्त्याच्या टोकाला उभं करून विचारा, कमान तुमच्याकडे बघतेय का? मान वाकडी करून बघतात बिचारी, आणि मग कळतं की वाकडी आपली मान नाही, ठेवणच तशी आहे.

पाचव्या पानाला मी सगळ्यात जास्त जपतो. २८ फेब्रुवारी १९४८. सॉमरसेट लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण, भारतात राहिलेली शेवटची इंग्रज पलटण, संचलन करत या कमानीतून समुद्राकडे गेली आणि होड्यांतून जहाजावर चढली. भारतीय सैनिकांनी त्यांना मानवंदना दिली, जाताना गेटवेची चांदीची प्रतिकृती भेट दिली. राजाच्या येण्याची आठवण म्हणून बांधलेल्या दारातून त्याचं सैन्य कायमचं बाहेर पडलं. कमान पुरी होऊन तेव्हा पुरती २४ वर्षंही झाली नव्हती.

या पानावर विशेषण वापरू नका. मी एकदा ‘अपमानित होऊन’ लिहिलं होतं, ते चूक होतं. मानवंदना घेऊन गेलेला माणूस अपमानित होऊन गेला असं कसं म्हणणार? नुसतं "गेले" लिहा. मुलं ते वाक्य मोठ्याने वाचतात आणि वर्गात टाळ्या वाजतात, कुणी सांगावं लागत नाही. तुमच्या रागाचं आणि कौतुकाचं उत्तर तेव्हा तुमच्यासमोर असेल.

हुशार मूल इथे एक प्रश्न विचारतंच: स्वातंत्र्य तर १५ ऑगस्ट १९४७ ला मिळालं, मग हे सहा महिने कशाला थांबले? तयारी ठेवा. एवढं मोठं सैन्य जहाजांनी परत न्यायचं तर टप्प्याटप्प्याने न्यावं लागतं. पहिली तुकडी १७ ऑगस्टलाच मुंबईहून निघाली होती, शेवटची ही.

सहावं पान आजचं. लाँचच्या रांगा, गळ्यात कॅमेरा अडकवून "दोन मिनिटांत फोटो" म्हणणारे फोटोवाले, कबुतरं, आणि समोर घोड्यावरचे शिवाजी महाराज. तो पुतळा २६ जानेवारी १९६१ ला बसवला. त्याआधी तिथे त्याच पाचव्या जॉर्जचा पुतळा होता. तुमच्या चौथीच्या मुलांचं अख्खं वर्ष महाराजांच्या इतिहासात गेलेलं असतं, त्यामुळे या पानावर तुम्हाला काही बोलावंच लागणार नाही. जवळच स्वामी विवेकानंदांचाही पुतळा आहे. ३१ मे १८९३ ला ते शिकागोला जायला मुंबईहूनच जहाजात बसले.

पाचवीची मुलं चुणचुणीत असतील तर १९४६ च्या फेब्रुवारीतलं नौसैनिकांचं बंड एका चौकटीत देता येईल. कुलाब्याच्या ‘तलवार’ तळावर निकृष्ट जेवणावरून ठिणगी पडली आणि बंदरातल्या जहाजांपर्यंत गेली, मुंबईकर त्या नौसैनिकांसाठी खाण्याचे डबे घेऊन गेटवेवर आले. चौथीला मी हे सांगत नाही, गोळीबाराकडे जावं लागतं आणि तेवढ्या वेळात ते नीट सांगून होत नाही.

तिथले हौशी गाइड ऐकवतील ते एक आधीच सांगून ठेवतो: ताज हॉटेल चुकून उलटं बांधलं गेलं, म्हणून आराखडा काढणाऱ्याने जीव दिला. यात तथ्य नाही. हॉटेल १९०३ च्या डिसेंबरात सुरू झालं आणि त्याचं मुख्य दार ठरवूनच शहराच्या बाजूला होतं. मुलांना यातलं एकच सांगा, की ताज गेटवेपेक्षा २१ वर्षांनी मोठं आहे. कुणाचाच विश्वास बसत नाही.

भाषेबद्दल थोडं. एका वाक्यात एकच साल. "व्हाइसरॉय" शब्द आला की तिथेच, त्याच ओळीत, "राजाच्या वतीने भारतावर राज्य करणारा अधिकारी". मागे शब्दार्थांची यादी देऊ नका, मागची पानं कुणी उलटत नाही. "स्थापत्यशैलीचा उत्कृष्ट आविष्कार" वगैरे आलं की खोडा. लिहून झालं की वर्गातल्या अडखळत वाचणाऱ्या मुलाला वाचायला द्या, पहिल्या बाकावरच्याला नको. तो जिथे अडखळेल तिथे वाक्य तोडायचं. आणि बारावं पान कोरं ठेवा, वर फक्त "मी तिथे काय पाहिलं?" एवढंच. सहलीहून परतल्यावर एका मुलाने माझ्या पुस्तिकेच्या त्या पानावर लिहिलं होतं, "पाठीमागच्या पायऱ्या पाण्यात जातात. शेवटची पायरी दिसत नाही." अख्ख्या पुस्तिकेत मला असं वाक्य जमलं नव्हतं.

सहलीचं शेवटचं: घारापुरीची लेणीही करणार असाल तर सोमवार टाळा, त्या दिवशी लेणी बंद असतात आणि मुलं लाँचमध्ये तासभर बसून जाण्याच्या आशेवर असतात. गेटवेवर सकाळी आठच्या आत पोहोचा. तेव्हा ऊन कोवळं असतं, गर्दी कमी, आणि दगडाचा पिवळा रंग त्या वेळी खरा दिसतो. मसुदा झाला की पाठवा, आधी फक्त पहिलं पान.